वाटीतल्या दहा बिया

मैत्रिणीने परदेशातून ल्युपिनच्या बिया आणल्या, मोजून दहा. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरं. बंगळुरूत कुणाच्याच अंगणात न पाहिलेलं फूलझाड मला लावायचं होतं. एकदा रुजलं की मूळ जमिनीत टिकतं आणि दर वर्षी निळे-जांभळे तुरे येतात, असं ती म्हणाली होती. राजाजीनगरातल्या आमच्या भाड्याच्या घरापुढे कंपाउंडला लागून मातीची एक पट्टी आहे. तिथे मी लगेच जागाही करून ठेवली.

या बियांची साल टणक असते. सँडपेपरवर घासून त्या रात्रभर पाण्यात ठेवायच्या. मी त्या ओट्यावर वाटीत भिजवल्या. शेजारच्या वाटीत बाबांची मटकी भिजत होती. आई गेल्यावर मी बाबांना पुण्याहून इकडे आणलं, तेव्हापासून कडधान्य भिजवणं, फडक्यात बांधून मोड आणणं आणि उसळ करणं हे खातं त्यांच्याकडे आहे. माझ्या बिया करड्या, ठिपक्याठिपक्यांच्या, मटकीहून जराशा मोठ्या. कुणीही फसलं असतं.

पुढचे दोन दिवस ऑफिसच्या धबडग्यात मला बियांची आठवणच राहिली नाही. तिसऱ्या दिवशी मी घरूनच काम करत होते. दुपारी मी कॉलवर अडकले, म्हणून बाबा एकटेच उसळ-पोळी जेवले. नंतर मी स्वयंपाकघरात गेले, तर बियांची वाटी धुऊन पालथी घातलेली.

“बाबा, यातल्या बिया कुठे गेल्या?”

“मटकीच ना ती? एकत्र केली असेल मी.”

मी फोनवर शोधलं. शोभेच्या ल्युपिनची बी विषारी असते, हे मला तेव्हा कळलं. तोंडाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, माणसाला भ्रम होतो. तेवढ्यात बाबांनी पाणी मागितलं, पाठोपाठ पुन्हा मागितलं. मग दाराकडे बघत म्हणाले, “अगं, तुझी आई अजून आली नाही मंडईतून.”

वरच्या मजल्यावर आमच्या घरमालकीण राहतात, बेळगावकडच्या. सगळे त्यांना अक्का म्हणतात. मी जिन्यातूनच हाक मारली आणि त्यांनी रस्त्यावर जाऊन ऑटो थांबवला. “घाबरू नको गं, स्वल्प धीर धर,” म्हणत त्या माझ्याबरोबर बसल्याही. बाबा ऑटोवाल्याला लक्ष्मी रोडने घे म्हणून सांगत होते. मी त्यांचा हात घट्ट धरला होता. थंड पडलाय तो त्यांचा हात की माझा, तेही मला कळत नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी बाहुल्या तपासल्या, नाडी पाहिली, ईसीजी काढला. सगळं ठीक होतं. तरी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं.

“याआधी कधी असे गोंधळायचे का?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. फारच पटकन म्हटलं. भाजीत दोनदा पडलेलं मीठ, करपलेलं दूध, कोपऱ्यावरच्या दुकानातून येताना चुकलेली गल्ली, हे सगळं मी कधीच म्हातारपणाच्या नावावर टाकून मोकळी झाले होते.

“विषाचं काही लक्षण दिसत नाही,” डॉक्टर म्हणाले. “एकदा स्मृतीची तपासणी करून घ्या.”

मी मान हलवली. परत येताना मात्र अक्कांना ठासून सांगितलं, की हे बियांमुळेच झालं. घरी आल्यावर उरलेली उसळ मी न बघताच फेकून दिली.

दुसऱ्या दिवशी बाबा नेहमीसारखे पेपर वाचत बसले. मी मात्र भ्यायलेलीच होते. त्यांनी चष्मा शोधला तरी मी हातातलं काम टाकून त्यांच्याकडे बघत राहायचे. मन चिंती ते वैरी न चिंती. एकच आधार होता: विष उतरतं, आणि ते उतरलं की माणूस पुन्हा पहिल्यासारखा होतो.

आठवड्याभराने मी दारातल्या कुंडीतला कढीपत्ता तोडायला गेले. बुंध्याशी कोवळी रोपं दाटीवाटीने उगवली होती. मटकीला तीन-तीन पानं असतात. इथे प्रत्येक पान पंजासारखं, बोटं पसरलेलं होतं. बाबांनी वाटीतलं पाणी झाडाला ओतलं होतं, बियांसकट, आणि ते विसरून गेले होते.

खरं तर जीव भांड्यात पडायला हवा होता. पण तो पडला नाही. बिया त्यांच्या पोटात गेल्याच नसतील, तर मग आई मंडईतून यायची वाट कोण बघत होतं?

मी खाली बसले. सहा रोपं वर आलेली होती. बाकीच्या बियांसाठी मी बोटांनी माती उकरू लागले. सातवी सापडली, आठवी, मग नववी. एक तरी कमी भरू दे देवा, एक तरी त्यांनी खाल्लेली असू दे, असं मी चक्क पुटपुटत होते. दहावी नखाला लागली, मोड आलेली.

बाबा मागे येऊन उभे होते. “काय हरवलं गं?”

“एक बी सापडत नाहीये,” मी मूठ मिटून म्हटलं.

“एवढंच ना? आईला विचार तुझ्या,” ते म्हणाले. “तिनं ठेवली असेल जपून.”