जरा पाय द्या, वहिनी

"वहिनी, रिकाम्या आहा का? जरा पाय द्या."

कुंपणापलीकडून ही हाक आली की मी हातातलं काम ठेवून उठायची. नवखा माणूस ऐकून हसायचा, पण शेजारच्या देविदास भाऊजींना माझा पाय खरोखरच लागायचा. त्यांच्या अंगणात उलट्या बाजूनं उघडणाऱ्या दारांची एक जुनी काळी मोटार होती. हवा-पेट्रोल मिसळणारा तिचा कार्बोरेटर जुळवायला दोन माणसं हवीत. एकानं आत बसून अ‍ॅक्सिलेटर दाबायचा, दुसऱ्यानं बॉनेटखाली डोकं घालून आवाज ऐकायचा. भाऊजींच्या घरात दुसरं माणूस नव्हतं. माझ्याही घरात नव्हतं म्हणा.

बॉनेट वर असलं की आतून समोरचं काही दिसत नाही. नुसता आवाज यायचा, "दाबा... धरा... धरा... सोडा." मी जन्मात गाडी चालवली नाही, पण आमच्या लाखांदूर गावात माझ्या उजव्या पायाइतकी गाडी कोणाला कळत नसेल!

भाऊजींचं आयुष्य धानाच्या गिरणीत डिझेल इंजिन चालवण्यात गेलं. गिरणी बंद पडली तेव्हा मालकाची ही मोटार शेडमध्ये उभी होती, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. मालक म्हणाले, "घेऊन जा देविदास, तुझ्याबिगर इले कोण पुसते?" बैलजोडी जुंपून ती आमच्या गल्लीत आली. मूळचा कार्बोरेटर झिजलेला. भाऊजींनी नागपूरच्या भंगारातून दुसरा आणला, तो निघाला मोठ्या गाडीचा. गाडी उभ्या जागी गुरगुरायची, पण मी पाय दाबला की आचका देऊन बंद. भाऊजी म्हणायचे, "डिझेलचा सभाव मले समजते वहिनी. हे पेट्रोलवाली लय रुसवी आहे."

एकदा मी विचारलं, "या कार्बोरेटरच्या पोटात आहे तरी काय?" त्यांनी आतली एक नळी काढून दाखवली. बाहेरून सरळ, आतून मधोमध अरुंद.

"याले व्हेंचुरी म्हणतात. हवेचा गळा. हवा इथून पळते अन् जाता जाता पेट्रोल ओढून नेते. हा गळा इंजिनाच्या मानानं मोठा आहे. हवा रमतगमत जाते, पेट्रोल काही उठत नाही."

"मंग फुंकणीच म्हणा ना! फुंकणीचं तोंड रुंद असलं तं चूल पेटते का?"

भाऊजी माझ्याकडे पाहतच राहिले. "अन् मी दोन महिन्यांपासून नुसतं पेट्रोल वाढवून राहिलो!"

मग लहान गळ्याची नळी आली. तिच्या मापाचा जेट शोधायचा राहिला. जेट म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक असलेला पितळी तुकडा. तसे कितीतरी त्यांनी एका आगपेटीत जमवले होते. एक बसवायचा, मी पाय द्यायचा, मग इंजिनातला ठिणगीचा प्लग काढून बघायचा. काळा निघाला तर, "खादाड झाली." पांढरा निघाला तर, "उपाशी आहे." रंग हवा होता बिस्किटासारखा. मी चहाबरोबर बिस्किटं नेली की भाऊजी एक प्लगाशेजारी धरून नीट पारखायचे आणि मग त्याच तेलकट हातानं खायचे.

रविवारी पुण्याहून भाऊजींच्या मुलाचा फोन यायचा. "बाबा, कधी येता? एकटे कायले राहता तिथं?"

"गाडी जुळली का येतो. गाडीनंच येतो." ठरलेलं उत्तर.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी गाडी जुळली. मी दाबलं तसा आवाज कुठेही न अडखळता चढत गेला. "धरा... धरा..." भाऊजी म्हणाले आणि पुढे बोलायचंच विसरले. प्लग काढला. अगदी बिस्किट!

"जुळली ना भाऊजी!"

ते बराच वेळ हात पुसत राहिले. "आज हवा थंडी आहे. ऊन तापलं का पाहू." दुसऱ्या दिवशी आत वेगळाच जेट होता आणि गाडी खोकत होती. काल चाललेला जेट आगपेटीत परत टाकताना मी त्यांना पाहिलं होतं. तरी मी आपला पाय दिला. हाक येत राहिली. मला तरी दुसरं काय हवं होतं?

पुढच्या पावसाळ्यात भाऊजी न्हाणीत घसरून पडले. मग मुलगा स्वतःच न्यायला आला. निघायच्या दिवशी भाऊजींनी बॉनेटजवळ खुर्ची मागवली, आगपेटी उघडली, नंबरही न वाचता एक जेट उचलून बसवला. मला हाक मारली. गाडी अशी चालली की गल्लीतली पोरं गोळा झाली.

मुलगा चकित. "बाबा, इतक्या लवकर? मंग एवढे दिवस काय करून राहिले होते?"

"जुळली म्हटलं असतं तं तू तवाच नेलं असतं मले," भाऊजी म्हणाले. माझ्या हातात किल्ली दिली. "चालू करत जा वहिनी. उभी गाडी जाम होते."

तेव्हापासून दर रविवारी मी भाऊजींना फोन लावून तो मडगार्डवर ठेवायची आणि आत बसायची. पुण्याच्या चौथ्या मजल्यावरून आवाज यायचा, "दाबा... धरा..." मध्येच, "आवाज जड येऊन राहिला, तिकडं धुकं आहे का?" तिकडचं मात्र कधी काही सांगायचे नाहीत. एकदा मी विचारलं, "करमते का तिथं?" ते म्हणाले, "धरा."

यंदा धान निसवून लोंब्या बाहेर पडत असताना मुलाचा फोन आला. भाऊजी झोपेतच गेले.

रविवार उजाडला. मी बॉनेट उघडलं, सवयीनं फोन मडगार्डवर ठेवला, आत बसले आणि पाय दिला. आवाज स्वच्छ चढला, कुठेही अडखळला नाही. मी धरून बसले. पोटरीला गोळा आला तरी धरून बसले. सोडा म्हणायला कोणी नव्हतं.