एक्टॉमीचं शेपूट

स्ट्रेचर ओटीच्या दारात थांबलं होतं आणि सुमनबाई काही केल्या नवऱ्याचं नाव सांगत नव्हत्या.

नांदेडच्या एका खासगी हॉस्पिटलात मी ओटी सिस्टर होते. ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर. पेशंटचं पूर्ण नाव त्याच्याच तोंडून ऐकायचं, फाइलशी जुळवायचं, मगच आत घ्यायचं, हा नियम. पण आमच्याकडच्या खेड्यांतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मग आम्ही नाव, आडनाव, गाव जुळलं की पुढे जायचो. चूकच होती, पण रोजची होती.

"सुमन जाधव, भोकर," ती म्हणाली. फाइलवर तेच होतं. ऑपरेशनच्या जागी लिहिलं होतं, हिस्टरेक्टॉमी.

सहज विचारलं, "कशाचं ऑपरेशन हाय, ताई?"

"गाठीचं. पिशवी ठेवतो म्हणले डॉक्टर. सहा वर्षं झाली लग्नाला, लेकरू न्हाई अजून."

मी फाइलवरचा शब्द पुन्हा वाचला.

मी कंधारच्या मराठी शाळेत शिकलेली. नोकरीला लागले तेव्हा असे लांबलचक शब्द बघून रडायला यायचं. पट्ट्या बांधणारे आमचे जुने ड्रेसर रशीदचाचा एकदा म्हणाले, "घाबरून काय राहिलीस, बेटा? शेपटावरून काम कळतं, डोक्यावरून जागा." शेवटी 'एक्टॉमी' आलं की काहीतरी काढायचं. 'स्कोपी' आलं की आत नळी घालून बघायचं. 'आयटिस' म्हणजे सूज. काय काढायचं, ते पुढच्या अक्षरांत. हिस्टर म्हणजे गर्भपिशवी. मायोम म्हणजे तिच्यातली मांसाची गाठ. या बाईच्या फाइलवर मायोमेक्टॉमी हवं होतं.

आतून ऑपरेशन करणारे सर ओरडले, "सिस्टर, किती वेळ?"

"सर, फाइलमध्ये पिशवी आहे. पेशंट गाठ म्हणतेय."

"पेशंटला काय कळतंय? घ्या आत."

"नवऱ्याचं नाव कळल्याशिवाय नाही घेणार, सर."

एवढं उलट मी आयुष्यात कुणाला बोलले नव्हते. सर तणतणत दारात आले. मी सुमनबाईंच्या कानाशी वाकले.

"ताई, उखाणा घ्या."

"हितं?"

"हितंच."

तिनं डोळे मिटले आणि पुटपुटली, "भोकरच्या बाजारात कापसाची रास, संतोषरावांचं नाव घेते डॉक्टरांसाठी खास."

सर हसले. मग त्यांनी माझ्या हातातली फाइल पाहिली. तिच्यावर नाव होतं, सुमन मारोती जाधव. सरांचं हसू तिथंच विरलं.

त्याच गावची दुसरी सुमन, पन्नाशीची, वॉर्डात आपल्या नंबराची वाट बघत होती. वॉर्डात फाइलींची अदलाबदल झाली होती.

गाठ निघाली, पिशवी राहिली. दोन वर्षांनी सुमनबाई मुलगी घेऊन आल्या, सोबत पेढे. त्यातले अर्धे मी चाचांच्या घरी नेऊन दिले. उपकार त्यांचे होते, पेढे मी एकटीनं कसे खाणार?

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "मी तर फकत शेपूट शिकवलं, बेटा. त्या बाईला विचारलंस तू."

मी आता रिटायर झाले. पण त्या ओटीत अजूनही पेशंटला आत घेण्याआधी सर स्वतः विचारतात, "सिस्टर, उखाणा झाला का?"