विष्णुपंतांच्या दहा पट्ट्या

अंबरनाथच्या कारखान्यात प्रेस मशीनशेजारी एकतीस वर्षं काढल्यावर विष्णुपंतांना कंपनीकडून निरोपाचं घड्याळ मिळालं. बहिरेपण त्यांनी आपलं आपण घरी आणलं. ठार बहिरे नव्हते. जाड आवाज पोचायचे, बारीक नाहीत. आणि बायको संजीवनी, तिचा आवाज बारीक. कानाचं यंत्र आणलं, पण त्यात शिट्ट्या वाजतात म्हणून ते कपाटात गेलं.

संजीवनी गेली तेव्हा शिवमंदिराजवळच्या भजनी मंडळात तिने गायलेल्या भजनांचं सतरा मिनिटांचं रेकॉर्डिंग तेवढं मागे राहिलं. विष्णुपंत बदलापूरला मुलीकडे, अनुयाकडे राहायला आले. अनुया गाण्यांच्या एका ॲपची डिझायनर. तिनेच त्यांना ॲपमधल्या दहा उभ्या पट्ट्या दाखवल्या. ही सरकवली की जाड आवाज कमी, ती सरकवली की बारीक आवाज वर. मशीन सेट करण्यात जन्म गेलेला माणूस तो. रोज सकाळी हेडफोन लावून एखादी पट्टी केसभर हलवायची आणि सतरा मिनिटं ऐकायचं, असं दोन महिने चाललं. मग एकदा चहा गार होऊ देत ते म्हणाले, "अनू, आली गं. तुझी आई आली."

पुढची तीन वर्षं त्यांच्या सकाळी सुखात गेल्या. पट्ट्या कुठे ठेवल्यात ते त्यांनी कधी लिहून ठेवलं नाही. कशाला ठेवतील? मुलगीच त्या कंपनीत.

यंदा ॲपमधला तो पट्ट्यांचा स्क्रीन नव्याने करायचं ठरलं आणि काम अनुयाकडे आलं. शंभरात एकसुद्धा माणूस पट्ट्यांना हात लावत नाही, असं आकडे सांगत होते. "सिंपल कर ना यार, लोकांना डोकं नाही चालवायचं," साहेब अभिजीत म्हणाला. तिने केलं. दहा पट्ट्या गेल्या आणि चार गुबगुबीत बटणं आली: गाणं, बोलणं, पार्टी, झोप. ज्यांनी स्वतः पट्ट्या लावल्या होत्या त्यांना त्या पट्ट्यांशी त्यातल्या त्यात जुळणाऱ्या बटणावर आपोआप नेऊन बसवायचं, हा नियमही तिचाच. कुणाची गैरसोय नको म्हणे. त्यातला एक जण शेजारच्या खोलीत बसतो, हे बाईंच्या डोक्यातही आलं नाही. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या.

"अनू, फोन बघ गं जरा. ती येईना झालीय," नवा स्क्रीन फोनवर आला त्या सकाळी विष्णुपंत म्हणाले.

तिने बघितलं. "बोलणं" चालू होतं, जुन्या पट्ट्या पुसल्या गेल्या होत्या. तिने अभिजीतला फोन केला. "एका यूजरसाठी काय करणार?" तो म्हणाला, आणि गेल्या महिन्यात तीही हेच म्हणाली असती.

"बाबा, मीच काढल्या त्या."

"ऑफिसचं काम. सांगतील तसं करावंच लागतं," विष्णुपंत म्हणाले. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

तिने पट्ट्या असलेलं दुसरं ॲप घालून दिलं. पण पट्ट्यांच्या जुन्या जागा आठवत नव्हत्या, आणि तीन वर्षांत कान आणखी गेले होते. आता बारीक आवाज वर नेला की नुसती खरखर व्हायची. महिनाभर त्यांनी खटपट केली, आणि मग एका सकाळी म्हणाले, "जमलं बघ."

अनुयाचा जीव भांड्यात पडला. ती चहा घेऊन गेली तर विष्णुपंत डोळे मिटून, गुडघ्यावर ताल धरून मान डोलावत होते. कप ठेवताना तिची नजर फोनवर गेली. रेकॉर्डिंग केव्हाच संपून थांबलं होतं.

चहाचा वास येताच त्यांनी डोळे उघडले.

"गोड गातेय गं," ते म्हणाले, आणि ताल चालूच ठेवला.