केळीच्या चिकाचा डाग

माझं माहेर धुळ्याचं. सासर फैजपूरजवळच्या खेड्यात, केळीच्या मळ्यांमध्ये. लग्नानंतर वडील पहिल्यांदा भेटायला आले आणि अंगातल्या पांढऱ्या शर्टावरच सासऱ्यांबरोबर मळ्यात गेले. सासरे केळीची पिलं, म्हणजे बुंध्याशी फुटलेले कोंब, कापत होते. वडिलांनीही हौसेनं विळा मागून घेतला. परत आले तेव्हा शर्टावर पाण्याचे शिंतोडे उडाल्यासारखं दिसत होतं, एवढंच. दुसऱ्या दिवशी मी तो साबणानं धुऊन वाळत घातला. दुपारी काढायला गेले, तर छातीभर तपकिरी ठिपके.

मी ओशाळले. सासूबाईंनी शर्ट उलटसुलट करून पाहिला आणि वडिलांना म्हणाल्या, "भाऊ, हा केयीचा चीक. आता शर्ट फाटंल तेव्हाच जाईल."

त्या घरात मळ्याचे कपडे वेगळेच ठेवायचे. डाग काढायच्या भानगडीत कुणी पडत नसे.

वडिलांना शर्टाचं काही वाटलं नाही. त्यांना वेगळाच प्रश्न पडला होता. पाण्यासारखा पातळ चीक, त्याला रंग येतो कधी? त्यासाठी ते एक दिवस जास्त राहिले. सासऱ्यांच्या जुन्या धोतराचे तुकडे केले, त्यांवर ताजा चीक लावला आणि ओट्यावर मांडून बसले. एकाला साबण, एकाला ताक, एकाला लिंबू-मीठ. सासरे लांबून बघून हसत होते. मीही भाकऱ्या टाकता टाकता डोकावून जायचे.

साबणाचा तुकडा सगळ्यात आधी तपकिरी झाला, अगदी आमच्या डोळ्यांदेखत. ताकाचाही झाला. लिंबाचा उन्हात पिवळट राहिला. एवढ्यात सासूबाई स्वतःच एका तुकड्यावर चीक लावून आल्या. म्हणाल्या, वाळू न देता लगेच गार पाण्यात चोळला तर काय होतं, ते बघू. तो जवळजवळ कोराच निघाला. त्या किती तरी वेळ तो उजेडात धरून बघत राहिल्या.

"इतकी वर्षं धुते मी," त्या म्हणाल्या, "पण कधी थांबून पाह्यलंच नाही."

शर्टाला आम्ही लिंबू-मीठ चोळून पाहिलं. ठिपके जरा फिकट झाले, गेले नाहीत. वडील तोच घालून धुळ्याला गेले. निघताना सासूबाईंनी विचारलं, डाळिंबाच्या डागाला काय करतात? वडील म्हणाले, "करून बघावं लागेल."

पुढच्या खेपेला ते पिशवीभर डाळिंबं घेऊन आले. सासूबाईंनी जुनी चादर आधीच फाडून ठेवली होती.