पारायण पुरं होईपर्यंत

माझ्या नवऱ्याच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "साखर फार वाढलीय. उद्याच भरती व्हा. अंगठा काढू, पाय वाचेल." यांनी मान हलवली. घरी आल्यावर कॅलेंडर बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून पोथीचं सात दिवसांचं पारायण लावलं. दवाखाना आठव्या दिवशी, असं ठरलं.

पारायणात एक वेळ जेवायचं, चटईवर झोपायचं, अनवाणी राहायचं, वेस ओलांडायची नाही. आम्ही पंचवटीत राहतो, दवाखाना नदीपलीकडे. आणि यांच्या घरात जुन्या माणसांपासून नदी म्हणजेच वेस.

तिसऱ्या दिवशी नणंद आली. दारातच तिने नाकाला पदर लावला.

"दादा, नाशिकची वेस आता ओझरला टेकली. तू अजून नदीवरच अडकलास?"

"आत्ताच वाचून उठलोय. डोकं फिरवू नको."

"पोथी काय पळून जाणारे?"

"मग पाय पळून जाणारे का?" हे म्हणाले आणि स्वतःच हसले.

ती हसली नाही. जाताना मला म्हणाली, "वहिनी, तू तरी तोंड उघड."

मी तोंड उघडलं नाही. उदबत्त्या वाढवल्या, एकीच्या जागी चार. त्या देवासाठी नव्हत्या, हे मला माहीत होतं.

मी चौथी शिकलेली. पोथी यांच्याच तोंडून ऐकते. पाचव्या दिवशीच्या अध्यायात एक माणूस सगळं देवावर सोडून शेत न पेरता बसतो, आणि देवच त्याला विचारतो, पेरायचं कोणी? माझ्या अंगावर काटा आला. वाटलं, म्हणावं, अहो, हे आपल्यालाच सांगितलंय. पण वाचन चालू असताना मध्ये बोलायचं नसतं. अध्याय संपला की बोलू म्हटलं. अध्याय संपला, यांनी पान उलटलं, पुढचा सुरू केला. आरतीनंतर यांचा चेहरा इतका शांत होता की मी गुपचूप ताट वाढलं.

आठव्या दिवशी यांना उचलून रिक्षात बसवावं लागलं. अंग तापाने फणफणलेलं. डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि मला विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?" पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

हे सगळ्यांना सांगतात, पारायण पुरं झालं म्हणून जीव वाचला. ऐकणारे हात जोडतात. मीही जोडते. पण देवाने सात दिवस मागितले नव्हते. ते आम्ही ठरवले आणि त्याच्या नावावर घातले. हे मी कुणाजवळ बोललेली नाही, इथेच लिहिते.

काल यांच्या डाव्या पायाला तेल लावताना टाचेवर भेग दिसली. ओली होती.

"एकादशी होऊ दे," हे म्हणाले, "मग दाखवू."

हात पुसले, चपला घातल्या आणि रिक्षा आणायला गेले.