अक्कांच्या जबड्यातलं हाड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती स्वतः दातांची डॉक्टर, तिला अर्ध्या वाक्यात कळलं असतं. म्हणूनच असेल.

मुरुमला आमच्या शेजारी गंगाक्का राहायच्या, लिंगायत. आई शाळेत शिकवायची, उशिरा यायची. तोवर मी अक्कांच्या ओसरीवर. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर घट्ट दही. गळ्यातलं लिंग हातावर घेऊन त्यांची पूजा होईपर्यंत ताटाला हात लावायचा नाही, एवढाच नियम. आमच्याकडं मटण शिजतं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. तरी माझं ताट त्यांच्याच चुलीपुढं! अजून कुठं शेंगा भाजल्याचा वास आला की ती ओसरी आठवते — आणि लगेच दुसरंही आठवतं.

पुढं मी मुरुमलाच दातांचा दवाखाना टाकला. अक्कांच्या वरच्या दाढा गेल्या होत्या. नव्या बसवायच्या तर हाड फार पातळ. नाकाशेजारच्या पोकळीचा पडदा अलगद उचलून त्याखाली हाडाचा चुरा भरावा लागणार होता. चुरा विखरू नये म्हणून तो पेशंटच्याच रक्तातून काढलेल्या चिकट फायब्रिनमध्ये कालवतात. माझ्या हातचं असलं पहिलंच ऑपरेशन. किती हौस होती मला!

रक्त काढून यंत्रात फिरवलं. तो पिवळसर डिंक अक्कांना दाखवला. त्या हरखल्या. मग त्यांनी चुऱ्याकडं बोट केलं.

"अन् हे रे? हे हाड कुणाचं? जनावराचं न्हाय न्हवं?"

गुरांचंच होतं. कृत्रिम चुराही मिळतो — सोलापूरहून मागवता आला असता. पण अक्का उठून गेल्या तर? परत आल्याच नाहीत तर?

"सगळं तुमच्याच रक्तातलं, अक्का," मी म्हणालो.

"मग घाल बाबा." त्यांनी तोंड उघडलं.

डिंक खरा होता ना, त्याच्या आड खोटं सहज बसलं.

हाड छान धरलं. दाढा बसल्या. अक्का नात्यातल्या बायकांना कौतुकानं माझ्याकडं धाडायच्या. मला घरी बोलवायच्या. मी जायचो, समोर बसून चहा प्यायचो. सांगता आलं असतं अशा कितीतरी दुपारी — नुसता चहा प्यालो.

गेल्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. भस्म लावून, बेल वाहून, त्यांना बसवून मातीत ठेवलं. मीही पुढं झालो, मूठभर माती टाकली. ते हाड त्यांच्याबरोबर खाली गेलं. त्यांना कधीच कळलं नाही.