बारा चित्रांचे कार्ड

त्यांचे संपूर्ण नाव सेवापुस्तकात दोन ओळी व्यापून होते; तथापि अभिलेख कार्यालयात, घरी आणि गल्लीतही ते ‘मूळप्रत’ याच नावाने ओळखले जात. आयुष्य एकोणऐंशी वर्षे. पैकी चौतीस वर्षे नक्कल-तपासनीस. कोणी दस्ताची नक्कल सादर केली, की ती मूळ दस्ताशेजारी ठेवून, एका हाताचे बोट इकडे व दुसऱ्या हाताचे तिकडे फिरवीत, स्वल्पविरामासकट ताडून पाहायची, हे त्यांचे काम. मूळ कागदावर शाईचा डाग असून नकलेत ‘येथे डाग आहे’ असा शेरा नाही, एवढ्या कारणावरून त्यांनी नकला परत धाडल्या आहेत. ते निवृत्त झाले त्या दिवशी त्यांच्या मेजावर एकही कागद नव्हता. दाराबाहेरची रांग मात्र जिन्यापर्यंत पोहोचली होती.

निवृत्तीनंतर त्यांनी तीन मेगापिक्सेलचा एक डिजिटल कॅमेरा घेतला. त्याबरोबर दोनशे पानांची माहितीपुस्तिका आली. इतर लोक अशा पुस्तिकेचे वेष्टनही फोडत नाहीत. मूळप्रतींनी ती समासात टिपा करीत दोनदा वाचली, आणि पृष्ठ एक्क्याऐंशीवर त्यांना धक्का बसला. कॅमेरा चित्र दोन रीतींनी साठवी. जेपेग या रीतीत डोळ्याला न जाणवणारा तपशील गाळून चित्र लहान केले जाई. टिफ या रीतीत ठिपकान् ठिपका जसाच्या तसा राही.

“गाळतात म्हणजे? कोणाला विचारून?” त्यांनी पत्नीला विचारले.

पत्नी शाळेत गणित शिकवीत असत, त्यामुळे सारे त्यांना ‘बाई’ म्हणत. बाई म्हणाल्या, “अहो, डोळ्याला कळतच नाही म्हणतात ना? मग बिघडलं कुठं?”

“‘कुणाला कळतंय’ हे आमच्या प्रत्येक कामचुकार नक्कलनवीसाचं उत्तर होतं.”

तेव्हापासून घरात टिफचा अंमल सुरू झाला. कॅमेऱ्याच्या ज्या मेमरी कार्डात जेपेगची पाऊणशेवर चित्रे मावत, त्यात टिफची मोजून बारा बसत. शिवाय एकेक टिफ कार्डावर उतरायला चाळीस सेकंद लागत आणि तेवढा वेळ एक तांबडा दिवा लुकलुके. दिवा विझेपर्यंत समोरच्याने जागचे हलू नये, असा नियम मूळप्रतींनी केला. पुस्तिकेत तो नव्हता. चित्र केव्हाच टिपलेले असे, मागे राही ते केवळ लिहिणे. पण दस्त लिहून होईपर्यंत पक्षकाराने उठू नये, हे वळण अंगी मुरलेले. त्यामुळे शेजारच्या एका शिंप्याचे छायाचित्र काढताना त्याची इस्त्री कापडावरच राहिली, आणि त्या कापडाची विजार पुढे कोणी नेली नाही. काढलेले चित्र पुसणे हा तर त्यांच्या लेखी गुन्हाच. कार्ड भरले की ते घरच्या संगणकावर उतरवायचे, ताडायचे, मगच रिकामे करायचे.

हे सारे बाईंनी हसण्यावारी नेले. एका दुपारी मात्र ते त्यांच्या जिव्हारी लागले.

बाईंना दोन भाऊ. त्यांचा अकरा वर्षांचा अबोला. वडिलांच्या शोकसभेत धाकट्याचे भाषण लांबले, तेव्हा थोरल्याने ‘आवर’ एवढाच शब्द लिहिलेली चिठ्ठी व्यासपीठावर पाठवली होती. आता थोरला घर मोडून मुलीबरोबर कायमचा परदेशी निघाला होता. तिघा भावंडांचे मोठेपणीचे एकही एकत्र छायाचित्र नव्हते. बाईंनी दोन महिने दोघांची मनधरणी केली आणि निघण्याच्या दिवशी धाकट्याला थोरल्याच्या रिकाम्या घरी आणून उभे केले. खाली गाडी थांबलेली. वेळ अर्ध्या तासाचा.

खोलीत तीन खुर्च्या उरल्या होत्या. बाई मधल्या खुर्चीवर, भाऊ दोन बाजूंना, तोंडे दोन खिडक्यांकडे. मूळप्रतींनी दाबण्याच्या जागी बोट ठेवले आणि ते तसेच राहिले.

“काय झालं?” बाईंनी विचारले.

“कार्ड भरलंय.”

“सकाळी तर रिकामं होतं!”

“तुम्ही यायच्या आधी खुर्च्यांची चाचणी घेतली. प्रकाशाची सहा, अंतराची सहा.”

“बारा फोटो रिकाम्या खुर्च्यांचे?”

“खुर्च्या हलल्या नाहीत, त्यामुळे उत्तम आलेत.”

थोरल्याची मुलगी पुढे आली. तिचा कॅमेरा सामानाबरोबर आधीच गेला होता आणि मोबाइलने असले काम करण्याचे दिवस अजून यायचे होते. पण पर्समध्ये एक कोरे कार्ड होते. “काका, हे घाला. चार जीबीचं आहे, हजारो बसतील.”

कार्ड खाचेत नेमके बसले. कॅमेऱ्याने ते ओळखण्यास नकार दिला.

“पृष्ठ चौदा,” मूळप्रत शांतपणे म्हणाले. “दोन जीबीवरचं कार्ड याला वाचता येत नाही. पिढीचं अंतर आहे.”

“मग त्या खुर्च्यांतला एक पुसा!” बाई म्हणाल्या.

“अभिलेख नष्ट करू?”

“भाऊजी, गाडीवाला हॉर्न वाजवतोय,” थोरला म्हणाला.

“काहींना नेहमीच आवरायची घाई,” धाकटा खिडकीला म्हणाला.

थोरला उठू लागला. बाईंनी त्याची बाही धरून खाली बसवले, आणि वर्गात फळ्यापुढे आलेल्या विद्यार्थ्याला विचारावे तसे नवऱ्याला विचारले, “एक टिफ किती एमबीचा?”

“साडेनऊ.”

“कार्डात वापरायला जागा?”

“एकशे बावीस.”

“बारा टिफचे एकशे चौदा. उरले आठ. जेपेग दीडचा धरा. पाच बसतात. आता उत्तर चुकलंय म्हणा.”

उत्तर बरोबर होते. चौतीस वर्षांत बरोबर असलेली गोष्ट मूळप्रतींनी कधी नामंजूर केली नव्हती. त्यांनी बटणे दाबून रीत बदलली, आणि चुकीच्या कागदावर सही करावी तशा चेहऱ्याने चित्र टिपले. तांबडा दिवा एकदाच लुकलुकून विझला. त्यांचे तिकडे लक्षच नव्हते.

“हलू नका!” ते सवयीने गरजले. “लिहिणं चाललंय.”

तिघे निमूट बसून राहिले. बऱ्याच वेळाने थोरला ओठ न हलवता पुटपुटला, “भाषण चांगलं होतं रे तुझं. लांब होतं. पण चांगलं होतं.”

“चार पानं राहिलीत अजून,” धाकटाही तसाच पुटपुटला. “आहेत माझ्याकडे जपून.”

“वाच की मग फोनवर. तिकडे मला दुसरं काम काय?”

धाकटा खदखदून हसला. थोरल्याचा हात बाईंच्या पाठीमागून त्याच्या खांद्यावर गेला.

“आता काढा!” बाई ओरडल्या.

“काढून झालं,” मूळप्रत म्हणाले. “मूळ एकच असतं.”

बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या, हात लांब करून त्यांच्या हातातला कॅमेरा ओढला, तो भाचीच्या हातात कोंबला आणि म्हणाल्या, “दाब!” तिने दाबला. बाई खुर्चीवर पुरत्या टेकल्याही नव्हत्या.

“तिरका आला,” मूळप्रत म्हणाले. कोणी ऐकले नाही.

पहिल्या चित्रात तीन माणसे तीन दिशांना पाहत आहेत. ते कोणी मागितले नाही. तिरक्याला दोन्ही घरांतून मागणी आली. मूळप्रतींनी स्टुडिओतून प्रती छापवून घेतल्या आणि भिंगातून संगणकाच्या पडद्याशी ताडल्या. बाईंची प्रत दुसऱ्या खेपेस पसंतीस उतरली, थोरल्याची चौथ्या. धाकट्याची अकरा वेळा नापास झाली. बारावी छापायला टाकायची होती, तेवढ्यात मूळप्रतींनी या जगाचा निरोप घेतला.

बाईंनी त्या अकराही नापास प्रती एका पाकिटात घालून धाकट्याकडे पाठवल्या. त्याने एक भिंतीवर लावली. उरलेल्या त्याच्याकडे आहेत. प्रत्येकीच्या पाठीवर नापासाचे कारण तांबड्या शाईत नोंदले आहे: कडा कमी, निळा अधिक, खुर्चीचा पाय कापला. अकराव्या प्रतीमागे लिहिले आहे, ‘त्या दुपारच्या मानाने धाकट्या मेहुण्यांचे हसू फिके.’